क्रोममधील नोटिफिकेशन-जाहिरातींचा बंदोबस्त: चार महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

माझे सासरे सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहतात. घरात त्यांना सगळे अण्णा म्हणतात, आणि निवृत्तीनंतर सकाळी मोबाइलवर बाजारभाव, हवामान आणि अधूनमधून सातबारा पाहणे हा त्यांचा नेम झाला आहे. गेल्या दिवाळीत आम्ही गावी गेलो तेव्हा हातातला चहा संपेपर्यंत त्यांचा फोन नऊ वेळा वाजला. एकात फोनमध्ये पाच व्हायरस सापडल्याची लाल अक्षरातली धमकी होती, दुसऱ्यात तीन लाखांचे कर्ज मंजूर झाल्याची आनंदवार्ता होती, तिसऱ्यात पत्ता अपुरा असल्यामुळे पार्सल अडकल्याची तक्रार होती, आणि उरलेल्यांपैकी निम्म्या रमीच्या होत्या. अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारले, "जावईबापू, एवढं कर्ज मी कधी मागितलं होतं?"

तालुक्याच्या ठिकाणी मोबाइल दुरुस्तीच्या एका दुकानात ते हा फोन आधीच दाखवून आले होते. तिथे त्यांना व्हायरस असल्याचे सांगून फोन फॉरमॅट करण्याचे चारशे रुपये मागण्यात आले होते. त्याआधी शेजारच्या मुलाने फोन साफ करणारे एक अ‍ॅप टाकून दिले होते. त्याने पहिल्याच दिवशी वार्षिक वर्गणी मागितली आणि स्वतःच दिवसाला चार नोटिफिकेशन पाठवायला सुरुवात केली. या दोन्ही उपायांचा रोगाशी काडीचाही संबंध नव्हता, कारण फोनमध्ये व्हायरस नव्हताच. होती ती नोटिफिकेशन पाठवण्याची, अण्णांनी स्वतःच्या बोटाने दिलेली परवानगी, तीही एक नव्हे तर एकोणीस संकेतस्थळांना. ही परवानगी परत घेण्याची सोय ब्राउझरमध्येच असते आणि तिला एक रुपयाही लागत नाही. ती सोय प्रत्यक्षात कितपत कामाची आहे, हे मी त्यांच्या फोनवरच्या क्रोममध्ये आणि माझ्या संगणकावरच्या क्रोम, फायरफॉक्स व एज या ब्राउझरांमध्ये चार महिने वापरून पाहिले. हे परीक्षण त्या अनुभवावर आधारलेले आहे.

आधी हा प्रकार घडतो कसा ते सांगायला हवे, कारण ते कळले नाही की माणूस दुकानदाराच्या हवाली होतो. संकेतस्थळाने वाचकाच्या फोनवर थेट संदेश पाठवावा ही सोय क्रोममध्ये 2015 च्या एप्रिलमध्ये 42 व्या आवृत्तीबरोबर आली, आणि फायरफॉक्समध्ये 2016 च्या जानेवारीत 44 व्या आवृत्तीत आली. परवानगीच्या प्रश्नावर एकदा 'अलाउ' दाबले की त्या संकेतस्थळाची एक छोटी आज्ञावली ब्राउझरमध्ये मुक्काम ठोकते, तिला सर्व्हिस वर्कर म्हणतात. पुढे ते पान बंद करा, सगळे टॅब बंद करा किंवा क्रोम उघडूच नका, संदेश आला की ती जागी होते आणि फोन वाजतो. ईमेल किंवा बातमीसाठी ही उत्तम सोय आहे. पण जाहिरातदारांच्या दृष्टीने ती त्याहून उत्तम आहे, कारण तीत पत्ता लागत नाही, फोन नंबर लागत नाही आणि अ‍ॅप उतरवून घेण्याची विनवणी करावी लागत नाही. एका बटणावर माणूस कायमचा गिऱ्हाईक होतो. अशी मिळवलेली गिऱ्हाइके जाहिरात-जाळ्यांना विकण्याचा धंदा त्यातूनच उभा राहिला.

'अलाउ' दाबून घेण्याच्या युक्त्या मात्र अगदी मोजक्या आहेत आणि अण्णा त्या सगळ्यांना बळी पडले होते. सरकारी योजनेचा अर्ज पीडीएफ स्वरूपात देतो असे सांगणाऱ्या पानावर 'तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा' अशी ओळ येते. व्हिडिओ सुरू होत असल्याचे खोटे चक्र फिरत राहते आणि खाली तीच सूचना असते. कुठे 'डाउनलोड सुरू करण्यासाठी' म्हणून तेच बटण पुढे केलेले असते. खरी यंत्रमानव-तपासणी नोटिफिकेशनची परवानगी कधीही मागत नाही, हे एवढे एक वाक्य घरोघरी पोचले तरी यातला बराच उपद्रव थांबेल. शिवाय यांपैकी काही पानांवर 'ब्लॉक' दाबले की ती तुम्हाला किंचित वेगळ्या नावाच्या दुसऱ्या पत्त्यावर ढकलतात आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतात, कारण परवानगी ही पत्त्यागणिक असते. अण्णांच्या यादीतल्या एकोणीस नावांपैकी सात नावांत फक्त सुरुवातीच्या आकड्याचा फरक होता. "परवानगी मागतात, म्हणजे सभ्य माणसं असतील असं वाटलं," हे त्यांचे स्पष्टीकरण ऐकून मला हसू आले, पण त्या बटणाची रचना नेमकी याच सभ्यतेवर डोळा ठेवून केलेली आहे.

आता मूळ सोयीकडे येतो. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये सर्वांत जवळचा मार्ग त्या नोटिफिकेशनमध्येच आहे. पडदा खाली ओढून नको असलेले नोटिफिकेशन थोडे उलगडले की खाली 'अनसबस्क्राइब' असे बटण दिसते. ते दाबले की त्या संकेतस्थळाची परवानगी तिथल्या तिथे जाते, आणि चुकून दाबले असल्यास लगेच उलटवण्याची संधीही मिळते. हे बटण गूगलने 2024 मध्ये आधी पिक्सेल फोनांवर आणले आणि नंतर इतर अँड्रॉइड फोनांकडे नेले. त्याआधी तिथे साइट सेटिंग्जकडे नेणारे बटण असे, म्हणजे चोर दारात उभा आणि आपण किल्ल्यांचा जुडगा शोधत बसलेलो. नवी रचना खरोखर सोपी आहे. मी अण्णांना ती एकदा दाखवली आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या मदतीशिवाय तीन उपद्रवी हाकलले. अडचण एकच आहे: नोटिफिकेशन आडवे सारून टाकण्याची सवय हाताला इतकी पक्की झालेली असते की ते उलगडून पाहण्याचे सुचतच नाही, आणि उलगडताना बोट जरा चुकले तर जाहिरातच उघडते. साठीच्या पुढच्या बोटांसाठी उलगडण्याचा तो बाण फार बारीक आहे.

दुसरा मार्ग यादीचा, आणि एकदाच बसून साफसफाई करायची असेल तर तोच बरा. वरच्या तीन टिंबांतून सेटिंग्ज, तिथून साइट सेटिंग्ज, आणि त्यात नोटिफिकेशन्स. इथे क्रोमच्या रचनाकारांनी एक न कळणारी गोष्ट करून ठेवली आहे. सेटिंग्जच्या पहिल्याच पानावर 'नोटिफिकेशन्स' नावाची आणखी एक ओळ आहे, ती दाबली की आपण क्रोममधून बाहेर पडून अँड्रॉइडच्या पानावर पोचतो, जिथे संपूर्ण क्रोमचीच नोटिफिकेशन चालू-बंद करायची बटणे असतात. अण्णांना फोनवरून मार्ग समजावताना आम्ही दोघे तीनदा या चुकीच्या ओळीवर गेलो. त्यांतल्या एका वेळी त्यांनी सगळेच बंद केले, आणि मग डाउनलोड पूर्ण झाल्याचे कळेना म्हणून एकच फाइल चार वेळा उतरवली. एकाच नावाच्या दोन ओळी, एक पहिल्या पायरीवर आणि दुसरी तिच्या आत, ही चूक इतक्या वर्षांत कुणाच्याच डोळ्यांत आली नसेल असे मानणे कठीण जाते.

योग्य पानावर पोचल्यावर मात्र काम सरळ आहे. वर एक मुख्य कळ असते. ती बंद केली की यापुढे कोणतेही संकेतस्थळ परवानगी मागूच शकत नाही, आणि ज्यांना नोटिफिकेशनची मुळीच गरज नाही त्यांनी ती निःशंकपणे बंद करावी. मात्र ही कळ आधी दिलेल्या परवानग्या काढून घेत नाही आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. खाली परवानगी मिळालेल्यांची यादी असते, तिच्यातल्या एकेका नावात जाऊन निर्णय करावा लागतो. तिथे ब्लॉक करणे आणि काढून टाकणे यांतला फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. काढून टाकले तर ते संकेतस्थळ पुढच्या भेटीत पुन्हा विचारू शकते, ब्लॉक केले तर त्याचे तोंड कायमचे बंद होते. म्हणून या जाहिरातवाल्यांना काढू नये, ब्लॉकच करावे. एकोणीस नावांना मला सुमारे सहा मिनिटे लागली. सगळी नावे एकदम ब्लॉक करण्याचे बटण या यादीत नाही, ही उणीव साठ-सत्तर नावे असलेल्या फोनवर चांगलीच जाणवेल.

ब्राउझिंगचा इतिहास पुसल्याने हा उपद्रव जाईल अशी समजूत फार पसरलेली आहे. इतिहास पुसल्याने पाहिलेल्या पानांची यादी जाते, परवानगी मात्र जिथल्या तिथे राहते. जाहिरात अडवणारी एक्स्टेन्शने, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या पूरक आज्ञावल्या, याही इथे तोकड्या पडतात. त्या पानावरच्या जाहिराती उत्तम अडवतात, परंतु परवानगी घेऊन थेट ब्राउझरच्या दारातून येणाऱ्या संदेशाला अडवणे त्यांच्या कक्षेत नसते, आणि अँड्रॉइडच्या क्रोममध्ये तर एक्स्टेन्शने चालतच नाहीत. अँटिव्हायरसलाही इथे पकडण्यासारखे फारसे काही सापडत नाही, कारण सगळा व्यवहार तांत्रिकदृष्ट्या मालकाच्या संमतीने चाललेला असतो.

आपोआप चालणाऱ्या संरक्षणाचे श्रेय द्यावे लागेल आणि उशिराचा दोषही. क्रोमने 2020 च्या फेब्रुवारीत 80 व्या आवृत्तीत परवानगीचा प्रश्न हळू आवाजात, म्हणजे मोठी खिडकी पुढे न करता लहानशा सूचनेने, विचारण्याची सोय आणली. त्याच वर्षी जुलैत, 84 व्या आवृत्तीपासून, फसवून परवानगी घेणाऱ्या संकेतस्थळांना हा हळू आवाज सक्तीचा झाला, आणि ऑक्टोबरमध्ये 86 व्या आवृत्तीत संदेशांचा मजकूरच फसवा असणाऱ्यांनाही तो लागू करण्यात आला. 2025 च्या मे महिन्यात अँड्रॉइडवर आणखी एक पहारेकरी आला. तो संदेशाचे शीर्षक, मजकूर आणि बटणांवरचे शब्द फोनमध्येच तपासतो आणि संशय आल्यास मजकूर झाकून त्याजागी इशारा दाखवतो. तरीही पाहायचे की परवानगीच काढायची, हे दोन पर्याय समोर ठेवलेले असतात. अण्णांच्या फोनवर साफसफाई करण्याआधी मी मुद्दाम दोन दिवस हा पहारेकरी न्याहाळत बसलो होतो. इंग्रजीतल्या व्हायरसच्या धमक्या त्याने बहुतेक वेळा झाकल्या, पण मोडक्यातोडक्या हिंदीतल्या कर्जाच्या आणि रमीच्या जाहिराती बिनदिक्कत आत आल्या. "आपका लोन पास हुआ है" हे वाक्य एका सकाळी तीन वेळा आले आणि तिन्ही वेळा त्याच्या हातावर तुरी देऊन गेले. नमुना एका फोनाचा आणि दोन दिवसांचा आहे, त्याला तेवढेच महत्त्व द्यावे.

2025 च्या ऑक्टोबरमध्ये गूगलने जे जाहीर केले ते मला सर्वांत मोलाचे वाटते. ज्या संकेतस्थळाकडे वापरणारा फिरकतही नाही आणि जे नोटिफिकेशनचा मात्र मारा करते, त्याची परवानगी क्रोम आता स्वतःहून काढून घेणार आणि तसे कळवणारही. तशी काढलेली परवानगी हवीच असल्यास सेफ्टी चेकमधून, म्हणजे क्रोमच्या सेटिंग्जमधल्या सुरक्षा-तपासणीतून, परत देता येते. त्याच वेळी कंपनीने स्वतःचा आकडाही दिला: एकूण नोटिफिकेशनपैकी 1 टक्क्याहूनही कमी नोटिफिकेशनना वापरणारे काही प्रतिसाद देतात. हा आकडा वाचून मला प्रश्न पडला तो असा की, शंभरांतली नव्व्याण्णव वाया जाणारी ही घंटा दहा वर्षे वाजू दिली कशाला? फायरफॉक्सवाल्या मोझिलाने 2019 मध्येच आपल्या पाहणीतून सांगितले होते की परवानगीच्या प्रश्नांपैकी सुमारे 99 टक्के प्रश्नांना होकार मिळत नाही, आणि 48 टक्के वेळा वापरणारे स्पष्ट नकार देतात. त्यावरून निष्कर्ष काढून त्यांनी 2020 च्या जानेवारीतल्या 72 व्या आवृत्तीत परवानगी विचारणारी खिडकी आपणहून उघडणेच बंद केले. आता फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या पट्टीत एक लहानसे चिन्ह हलते, आणि वाचकाने पानावर स्वतः काही दाबल्याशिवाय प्रश्न अंगावर येत नाही.

संगणकावर मी फायरफॉक्सला क्रोमच्या वर ठेवतो, आणि त्याचे कारण एकच खिडकी आहे. सेटिंग्जमधल्या गोपनीयतेच्या विभागात परवानग्यांखाली नोटिफिकेशनसमोरचे बटण दाबले की सगळी संकेतस्थळे एका यादीत दिसतात, प्रत्येकापुढे त्याची सद्यस्थिती असते, खाली सर्व नावे एकदम काढण्याचे बटण असते आणि नवे प्रश्न कायमचे बंद करण्याची चौकटही तिथेच असते. क्रोममध्ये हेच काम गोपनीयता, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन असे पायऱ्या उतरत करावे लागते आणि प्रत्येक नावापुढची तीन टिंबे वेगळी दाबावी लागतात. सेफ्टी चेक अलीकडे जास्त संदेश पाठवणाऱ्यांची यादी आपणहून पुढे करतो, तेवढी मदत होते. एजची व्यवस्था क्रोमच्याच पायावर उभी आहे आणि शांत विनंत्यांची सोय तिथेही आहे, वेगळे सांगण्यासारखे मला काही आढळले नाही. विंडोजवर एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. क्रोम बंद केल्यावरही पार्श्वभूमीत चालू ठेवण्याची एक कळ त्याच्या सिस्टिम विभागात असते, ती चालू असेल तर ब्राउझर मिटवूनही उजव्या कोपऱ्यातल्या जाहिराती येत राहतात, आणि लोक त्या विंडोजच्याच सूचना समजून घाबरतात.

आयफोनवाल्यांना हे परीक्षण जवळजवळ निरुपयोगी आहे, हे कबूल करतो. तिथे ही सोय 2023 च्या मार्चमध्ये, आयओएस 16.4 मध्ये आली आणि तीही फक्त होम स्क्रीनवर स्वतः नेऊन ठेवलेल्या संकेतस्थळांपुरती, त्यामुळे एका बटणावर फसण्याची सोयच उरली नाही. मेहुण्याच्या आयफोनवर असेच संदेश येतात म्हणून पाहायला गेलो, तर ते कॅलेंडरमध्ये घुसवलेले जाहिरातींचे सबस्क्रिप्शन निघाले. तो रोग वेगळा आणि त्याचे औषधही वेगळे.

गुण द्यायचे तर क्रोमच्या या व्यवस्थेला अँड्रॉइडवर पाचपैकी साडेतीन आणि संगणकावर तीन, आणि फायरफॉक्सला संगणकावर साडेचार. क्रोमचे गुण कापले ते परिणामासाठी नव्हे, कारण परिणाम चोख आहे आणि ब्लॉक केलेल्या एकाही नावाचा संदेश चार महिन्यांत परत आला नाही. गुण कापले ते मार्ग लपवून ठेवल्याबद्दल, आणि 'अलाउ' आणि 'ब्लॉक' या दोन बटणांना सारखेच वजन दिल्याबद्दल. परवानगी देणे एका स्पर्शाचे काम आणि परत घेणे पाच पायऱ्यांचे, हा हिशेब घर भाड्याने देणाऱ्या कुणालाही लगेच खटकेल.

ज्यांच्या घरी असा फोन असेल त्यांनी साफसफाईआधी एकदा त्या यादीचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. कर्जाच्या किंवा पार्सलच्या जाहिरातीवर आधीच दाबून झाले असेल आणि तिथे कार्डाचा क्रमांक किंवा ओटीपी दिला गेला असेल, तर नोटिफिकेशनचा बंदोबस्त नंतर करावा. आधी बँकेला कळवावे आणि सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी, तिथे सांगायला तो स्क्रीनशॉट उपयोगी पडतो. अण्णांच्या बाबतीत तेवढी वेळ आली नाही. त्यांनी पार्सलच्या पानावर नाव आणि गाव भरले होते, पण पुढे पंचवीस रुपये मागितल्यावर "पोस्टमनला रोख देईन" म्हणून फोन बाजूला ठेवला होता.

आता त्यांच्या यादीत दोन नावे आहेत, एक हवामानाचे आणि एक त्यांच्या आवडत्या दैनिकाचे, आणि मुख्य कळ बंद आहे. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला दोनदा फोन करून विचारले की मोबाइल बिघडला तर नाही ना, कारण सकाळपासून तो एकदाही वाजला नव्हता.